समेला सुट्टी

मराठी हात समेवर पडतो. आरतीला पडतो, लावणीला पडतो, समोर गाणं कुठल्याही भाषेतलं असलं तरी पडतो. कॉलेजच्या जॅझ बँडच्या ऑडिशनमध्ये पहिला घोटाळा इथेच होतो, तोही वाद्य वाजायच्या आधी. ‘वन, टू’ म्हणून लय दिली जाते आणि आपला पाय ‘एक’वर दणका देतो. हवा असतो चार मात्रांतल्या दोनवर आणि चारवर.

उपाय साधा, पण चिकाटीचा. लय १२० ची, म्हणजे मिनिटाला १२० मात्रांची असेल तर मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) ६० वर लावायचा आणि येणारा प्रत्येक ठोका ‘दोन’ आणि ‘चार’ समजायचा. सुरुवातीला तो गुपचूप सरकून ‘एक’वर जाऊन बसतो, कारण ऐकू येणारा ठोका म्हणजे सम, असं कानाने धरलेलं असतं. तोंडाने मोठ्याने मोजलं की जागेवर राहतो.

तसं हे संगीत मुंबईला परकं नाही. सी. रामचंद्रांच्या गाण्यांत ट्रंपेट फुंकणारा चिक चॉकलेट गोव्याचा, आणि १९७८ चा ‘जॅझ यात्रा’ महोत्सव भरला तो धोबीतलावच्या रंगभवनात. कानाला ओळख आहे, हाताला नाही.

वाजवायला बहुधा बी-फ्लॅटमधलं ब्लूज सांगतात. बी-फ्लॅट म्हणजे पेटीची काळी पाच. ट्रंपेट आणि सॅक्सवर त्याच सुराचं नाव बदलतं: ट्रंपेटवाल्याने आपला सी धरायचा, आल्टो सॅक्सवाल्याने जी. हा हिशेब घरूनच करून जावा. ब्लूज म्हणजे बारा बारांचं आवर्तन, आणि बार म्हणजे चार मात्रांचा खण; बाराचोक अठ्ठेचाळीस मात्रा. १२० च्या लयीत एक फेरा २४ सेकंदांत संपतो. दोन फेऱ्यांचा सोलो म्हणजे मिनिटाच्या आत सगळं आटोपलं! एवढ्यात तानांची आतषबाजी करू नये. त्यापेक्षा पाचवा बार सांभाळावा. पहिल्या चार बारांत कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बी-फ्लॅट सेव्हन: काळी पाचचा सा धरला तर गंधार शुद्ध, निषाद कोमल. पाचव्या बारात ई-फ्लॅट सेव्हन येते आणि तोच गंधार कोमल होतो. नेमका त्या क्षणी ग अर्ध्या सुराने उतरवलात, तर खोलीतल्या प्रत्येकाला कळतं की तुम्हाला बदल ऐकू येतोय. शुद्ध गंधारच रेटत राहिलात तर तेही कळतंच.

दुसरी घसरगुंडी अकराव्या-बाराव्या बारात. तिथे धून बहुधा थांबलेली असते, ती शांतता सोसवत नाही, आणि माणूस अकरा बारांतच नव्या फेऱ्याला लागतो. बँड मागे, आपण पुढे.

साइट रीडिंगबद्दल, म्हणजे न पाहिलेलं नोटेशन समोर ठेवून लगेच वाजवण्याबद्दल, एवढंच: चुकलात तर थांबू नका, पुढच्या बारात गाठा.

ऑडिशन जुलैत असेल तर मुंबईची हवाही परीक्षा घेते. सॅक्सचा जी-शार्पचा पॅड (भोक झाकणारी गादी) दमटपणाने चिकटतो. पातळ कागद त्याखाली धरून, पॅड हलकेच मिटून कागद ओढून घ्यावा. ओली रीड (फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी) माउथपीसवर तशीच राहिली तर काळे ठिपके धरते, म्हणून दोन कोऱ्या रीड जवळ हव्यात. बाहेर घाम आणि आत एसी, त्यात नळीतली हवा गार होऊन सूर उतरतो. आवाज न काढता मिनिटभर नुसती फुंकर घालावी, मग सूर लावावा. गिटारचं उलट, गारव्यात तिच्या तारा चढतात.

परीक्षकांचं खरं लक्ष मात्र दुसऱ्याचा सोलो चालू असताना आपण काय करतो याकडे असतं. पियानोवाल्याने डाव्या हाताचा सा-प गप्प ठेवावा, ती जागा बासवाल्याची. कॉर्डचा गंधार आणि निषाद, तेही अधूनमधून, पुरे. पेटीवर साथ केलेल्यांना हे लवकर जमतं. फक्त गायकाने घेतलेली प्रत्येक जागा मागोमाग परत म्हणून दाखवायची सवय तेवढी आवरावी लागते.