मावशीच्या पाठीमागची मडकी

रविवार, रात्र

आज दिवसभर शिवलेलं उसवत बसले. चंदगडच्या एका ताईंनी आईच्या लुगड्यांची वाकळ, म्हणजे गोधडी, आमच्याकडून करून घेतली होती. पहिल्याच धुण्यात ती मधोमध सुटली. त्यांनी पैसे परत मागितले नाहीत. "आईची लुगडी आहेत, तेवढी नीट करून दे," एवढंच म्हणाल्या. पैसे मागितले असते तर मला कमी लागलं असतं.

वाकळीचा धावदोरा तांदळाच्या दाण्याएवढा पडला पाहिजे, हे आजीनं शिकवलेलं. दिवाळीच्या आधी एकदम मागणी आली, आम्ही वाकळी शिवणाऱ्या चौघींनी मिळून चौदा वाकळी काढल्या आणि त्या गडबडीत तो दाणा शेंगदाण्याएवढा कधी झाला ते कळलंच नाही. कळलं नाही, हेही खरं नाही. मला दिसत होतं. मी बोलले नाही, कारण तारीख द्यायची होती.

आणि हे सगळं आज उसवायला घेतलं ते कालच्या खानापूरच्या फेरीमुळं. नाहीतर ती वाकळ अजून कपाटातच पडून राहिली असती.

खानापूरला गेले होते माठासाठी. माठ बेळगावातही मिळतात, खरं आमच्याकडं माठ खानापूरचाच, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. मलप्रभेच्या काठचा तो तालुका, तिथली माती नावाजलेली. कौलं तिथली, माठ तिथले, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही त्याच गावात. लोंढ्याकडं जाणाऱ्या गाडीत बसलं की लगेच येतं.

बाजारात एक मावशी बसते. गेल्या वर्षी तिच्याकडूनच माठ नेला होता.

"काय शोधुलालीस गे?"

म्हटलं, मावशी, गेल्या वर्षीचा माठ पाणी गारच करेना झालाय.

"साबणानं घासलीस काय?"

घासला होता. ती कपाळावर हात मारेल असं वाटलं, खरं तिनं शांतपणे समजावून सांगितलं. माठ घाम गाळतोय तोवर पाणी गार राहतंय. साबण त्याच्या बारीक भोकांत जाऊन बसला की घाम थांबतोय, मग ते नुसतं भांडं. झिरपलेलं पाणी उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं, हे मी शाळेत लिहून मार्कही मिळवले होते आणि घरी येऊन माठ साबणानं घासला. मावशी म्हणाली, नुसत्या पाण्यानं काथ्या घेऊन घास, दोन दिवस कडक उन्हात ठेव, रात्रभर भिजत घाल आणि मग बघ. नाही झालं तर नवीन घे.

गिऱ्हाईक पैसे हातात धरून उभं आहे आणि ही त्याला जुनाच माठ दुरुस्त करायला सांगते. मी बघतच राहिले.

आम्हा चौघींसाठी कामाच्या खोलीत एक मोठा माठ हवाच होता, म्हणून तो दाखव म्हटलं. तिनं रचलेल्या ढिगातून एक काढला. डाव्या तळहातावर तोलून धरला, कान जवळ नेला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरानं वाजवला. गळ्याखाली खण्. पोटावर खण्. बुडाशी नुसतं बद्द. मला तर तिन्ही सारखेच वाटले असते. तिनं काही न बोलता तो पाठीमागं ठेवला आणि दुसरा घेतला.

पाठीमागं पाहिलं तर तशी सहा-सात मडकी होती. प्रत्येकाच्या बुडाला दगडानं भोक पाडलेलं. म्हटलं, ही फुटली काय? "फुटली न्हाईत, मीच फोडलीत. झाडं लावायला नेतात, वीस-तीस रुपये देतात. भोक न्हाई पाडलं तर कोणतरी पाण्याला म्हणून नेऊन इकील. मग ज्याच्या घरात गळंल तो माझंच नाव घेईल की."

आज पुन्हा पुन्हा आठवतंय ते एवढंच. पावसाळ्यात माती वाळत नाही, आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, लावता येत नाही. उन्हाळ्यातल्या तीन-चार महिन्यांच्या विक्रीवर पुढचं वर्ष रेटायचं. आधी माती आणायची, कुटायची, चाळायची, भिजवायची, तुडवायची. चाकावर आकार द्यायचा, मग आतून दगड आणि बाहेरून थापी धरून ठोकत ठोकत पोट वाढवायचं, सावलीत वाळवायचं. इतकं करून आव्यातून निघालेलं मडकं ती स्वतःच्या हातानं भोक पाडून वीस रुपयांचं करते. मी चौदा वाकळींमधली एकही बाजूला ठेवली नव्हती.

माझ्या शेजारी एक कन्नड बोलणारी बाई येऊन उभी राहिली. तिनं तेवढाच माठ विचारला. मला दोनशे सांगितले होते, तिला "इन्नूरु". मावशीनं भाषा बदलली, भाव बदलला नाही. आणि शेगडी हवी म्हटल्यावर दोघींनाही पलीकडच्या कुंभाराकडं पाठवलं, "त्याची जास्ती टिकतीया," म्हणून. ती जेवायला उठली तेव्हा त्याच कुंभारानं तिचे दोन माठ विकून पैसे तिच्या डब्यात टाकले.

येताना गाडीत निपाणीचा चप्पलवाला आठवला. बाबांची चप्पल तो नेहमी थोडी घट्टच द्यायचा. चामडं पायाला बसलं की सैल होतं, हे त्याला ठाऊक. "महिन्यानं आणा, वादी ओढून देतो," म्हणायचा आणि खरंच ओढून द्यायचा, पैसे न घेता. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. त्यात आपला बेळगाव आहे याचा मला फार आनंद झाला होता. खरं त्या चप्पलवाल्याचा महिन्यानंतरचा वायदा कुठल्या कागदावर येणार?

घरी आले ती थेट वही काढली. चौदामधल्या अकरा वाकळी कुणाकडं गेल्या ते लिहिलेलं होतं, तिघींची नुसती गावं. रात्री चौघी बसलो. उसवायची आणि पुन्हा टाका घालायची मजुरी मी देणार, कारण तारीख मीच दिली होती. त्यांच्यातली सगळ्यात धाकटी म्हणाली, "आक्का, आम्ही पण बघुलालोच की तेव्हा." मग कुणीच काही बोललं नाही.

आज सहा जणींना फोन झाले. चौघी वाकळ परत पाठवतो म्हणाल्या. एक म्हणाली, माझी छान आहे, राहू दे. एकीनं ती भावाला दिलीय, ती विचारून सांगणार. चंदगडची निम्मी उसवून झाली. मधलं हिरवं लुगडं विरलंय, त्याला आतून अस्तर द्यावं लागेल. अस्तर द्यायच्या आधी त्यांना विचारायला हवं.

गडहिंग्लजच्या बाईंनी दोनदा फोन उचलला नाही. उद्या सकाळी पुन्हा लावते.