बायपासनंतरचा श्वास आणि तीन चेंडूंचं स्पायरोमीटर: माझा अनुभव

ऑपरेशन, आयसीयू, वॉर्ड सगळं सुरळीत पार पडलं. माझा राग एकाच गोष्टीवर आहे. स्पायरोमीटर, म्हणजे हवा ओढून नळ्यांतले चेंडू वर उचलायचं श्वासाच्या व्यायामाचं साधन, हातात आलं ते ऑपरेशननंतर, औषधांच्या पिशवीतून, आणि सूचना काय तर "रोज करत जा". छाती दुखतेय, डोळ्यांवर गुंगी आहे, अशा वेळी कोण काय शिकणार? ते आधीच विकत घ्या, घरी सराव करा. तेव्हा किती चेंडू किती वेळ वर राहतात ते लिहून ठेवा. नंतर तिथवर परत पोचायचं असतं.

त्यात फुंकायचं नाही, हवा ओढायची. श्वास पूर्ण सोडा, नळीचं टोक ओठांत घट्ट धरा आणि सावकाश ओढा. बाजूला उभे असलेले नातेवाईक "तिसरा उडवा, तिसरा!" म्हणून जोर देतात, त्यांना गप्प बसवा. नळ्यांवरचे 600, 900, 1200 हे आकडे सेकंदाला किती मिली हवा जाते ते सांगतात. झटक्यात तिन्ही चेंडू सेकंदभर उडवले तर आत जाते साधारण 1200 मिली. पहिला एकटा चेंडू तीन सेकंद वर धरला तर 1800. दुखतं म्हणून आपण उथळ श्वास घेतो, फुप्फुसांच्या तळाच्या हवेच्या बारीक पिशव्या मिटतात, तिथे कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. त्या पिशव्या उघडतात सावकाश भरलेल्या मोठ्या श्वासाने. भरल्यावर दोन-तीन सेकंद रोखा. जागेपणी दर तासाला दहा श्वास, पण मध्ये थांबत थांबत, नाहीतर चक्कर येते.

आणि हे बसूनच करा. आडवं पडून केलं तर पोट छाती-पोटामधल्या श्वासाच्या पडद्याला वर ढकलतं.

खोकताना घडी केलेला टॉवेल किंवा उशी छातीच्या हाडावर दोन्ही हातांनी दाबून धरा. खोकला जमत नसेल तर आरशावर वाफ सोडतो तसा तोंड उघडून जोरात 'हा' करा, कफ वर सरकतो.

हो, पेनकिलरचं राहिलंच. डॉक्टरांनी दिलेली गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या. दुखणं सोसण्यात काहीच शहाणपण नाही, सोसणारा माणूस खोकतच नाही. सिगारेट मात्र ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी सुटलेली हवी.

घरी आल्यावर ताप 100.4 च्या वर गेला, कफ पिवळा-हिरवा झाला, बसल्या जागी धाप लागली किंवा छातीच्या हाडात 'कट-कट' असा आवाज जाणवला, तर पुढच्या तपासणीची तारीख बघत बसू नका. त्याच दिवशी दाखवा.