सारासोटा: शार्कबाईंच्या गावात

अमेरिकेतल्या फ्लोरिडात, टँपाहून सारासोटाला निघताना गाडीतल्या मंडळींचा सगळा डोळा लिडो बीचच्या पांढऱ्या वाळूवर. मोट मरीन लॅबोरेटरी या समुद्री संशोधन संस्थेचा हट्ट माझा एकटीचा. तिचं मत्स्यालय तेव्हा सिटी आयलंडवर, खाडीला लागून होतं. आता ते शहराच्या आतल्या अंगाला नव्या इमारतीत गेलंय.

शार्कच्या टाकीपुढे पोरांची ही झुंबड! एक शार्क काचेला अगदी घासून गेला, तेव्हा डोळ्यामागच्या कल्ल्यांच्या चिरा मोजता आल्या. शेजारी ‘दात बघ, दात बघ’ चाललं होतं. मी मात्र ही लॅब सुरू करणाऱ्या शार्क-अभ्यासक डॉ. युजिनी क्लार्क यांच्यासाठी आले होते.

या बाईंची आई जपानी. वडील फार लवकर गेले. शनिवारी कामावर जाताना आई लेकीला न्यूयॉर्कच्या मत्स्यालयात सोडून जायची. पाळणाघर असावं तर असं! पुढे 1955 मध्ये बाईंनी सारासोटाच्या दक्षिणेला, प्लासिडा गावात, एका छोट्या लाकडी इमारतीत ही लॅब सुरू केली. मदतीला बेरिल चॅडविक हा तिथलाच मच्छीमार. शार्क आले तेही दुसऱ्याच्या कामासाठी: एका कर्करोग संशोधकाला शार्कची यकृतं हवी होती. यकृत काढून बाकीचं फेकून देतील तर त्या बाई कसल्या! अख्खा प्राणीच त्यांनी तपासायला घेतला.

1958 चा लेमन शार्कवरचा प्रयोग तर माझा फार लाडका. कुंपण घातलेल्या पाण्यात एक लाकडी फळी सोडलेली. शार्कने नाकाने ती दाबली की घंटा वाजायची आणि खाऊ मिळायचा. मग खाऊची जागा हळूहळू फळीपासून लांब नेली, तरी गडी चुकेनात. थंडीत प्रयोग बंद पडला. पाणी तापल्यावर पुन्हा फळी सोडली, तर स्वारी ढुशी द्यायला हजर! तोवर शार्क म्हणजे निर्बुद्ध खादाड, अशीच समजूत होती.

बाई नव्वदी उलटल्यावरही समुद्रात बुड्या मारत होत्या. 2015 मध्ये, 92व्या वर्षी, सारासोटातच गेल्या. 2018 मध्ये मेक्सिकोच्या आखातातल्या खोल पाण्यातल्या एका छोट्या शार्कला ‘स्क्वॅलस क्लार्के’ हे नाव मिळालं. फोटो पाहिला. आमच्या रत्नागिरीच्या बाजारात आला असता, तर मोरी म्हणून वाट्यावर गेला असता!