डिस्टर्ब, अपसेट, रॅटल, फेझ: तुम्ही विचारलंत म्हणून

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये दर नव्या तुकडीत हा प्रश्न येतोच: "सर, डिस्टर्ब, अपसेट, अननर्व्ह, रॅटल, फ्लस्टर, फेझ... डिक्शनरीत सगळ्यांपुढं 'अस्वस्थ करणे' असंच लिहिलंय. मग कुठला कधी वापरायचा?"

'अस्वस्थ करणे' हा अर्थ चूक नाही, फक्त निरुपयोगी आहे. आपण तरी सगळीकडं अस्वस्थच म्हणतो का? कुणी बावरतो, कुणी हबकतो, कुणाची तारांबळ उडते, कुणाचं अवसान गळतं. इंग्रजीतही तसंच आहे. म्हणून क्रियापद निवडण्याआधी एवढंच विचारायचं, की त्या माणसाचं नेमकं काय हललं: काम, मन, धीर, की हातातली सफाई?

सगळ्यात जास्त गोंधळ पहिल्या दोघांत होतो. डिस्टर्बच्या पोटात लॅटिन 'तुर्बा' आहे, म्हणजे गर्दी, गलका. जे शांत किंवा जागच्या जागी होतं ते ढवळणं, हा त्याचा मूळ भाव. अपसेट म्हणजे उलथवणं, कलंडवणं. रंकाळ्यात दगड टाकलात तर पाणी डिस्टर्ब होतं. त्याच पाण्यावरची होडी उलटली तर ती अपसेट होते. झोप, शांतता, टेबलावर लावून ठेवलेले कागद हे डिस्टर्ब होतात. ठरलेला बेत, शाईची दौत आणि मिसळीवर ताव मारल्यावरचं पोट हे अपसेट होतं.

माणसाच्या बाबतीत डिस्टर्बचे दोन मजले आहेत आणि आपली माणसं नेमकी जिन्यात अडखळतात. खालचा मजला कामातल्या व्यत्ययाचा: 'सॉरी टु डिस्टर्ब यू'. इथं मनाला काही झालेलं नाही. वरचा मजला जड आहे. हिंसेचा व्हिडिओ पाहिला, लहान मुलावरच्या अत्याचाराची बातमी वाचली आणि काहीतरी भयंकर आहे ही जाणीव डोक्यातून जाईना, तर 'आय वॉज डिस्टर्ब्ड बाय इट'. पण नुसतंच 'ही इज डिस्टर्ब्ड' म्हटलंत तर ऐकणारा समजतो, या माणसाचं मानसिक स्वास्थ्य बिघडलंय. बाहेरच्या डॉल्बीमुळं अभ्यास होत नसेल तर 'द नॉइज इज डिस्टर्बिंग मी' म्हणा. स्वतःला डिस्टर्ब्ड ठरवू नका.

अपसेट झालेल्या माणसाच्या मनाला लागलेलं असतं. डोळ्यांत पाणी असेल, राग असेल किंवा दोन्ही. हे क्रियापद तिन्ही काळांत तसंच राहतं, त्यामुळं 'अपसेटेड' हा शब्दच नाही. पेपरात दिसला की गुण गेले. दुसरी चूक थेट मराठीतून येते. 'तो माझ्यावर अपसेट आहे' यातला 'वर' उचलून आपण 'ऑन मी' लिहितो. इंग्रजीत माणसाशी 'विथ' लागतं आणि गोष्टीला 'अबाउट': 'ही इज अपसेट विथ मी अबाउट द मनी'. नाम असेल तर जोर पहिल्या 'अप'वर, क्रियापद असेल तर 'सेट'वर. क्रीडा पानावर येतो तो नामातला अपसेट, म्हणजे दुबळ्या संघानं तगड्याला चीत करणं. त्याचा मन दुखावण्याशी संबंध नाही.

आता धीराचा गट. यासाठी खासबागेच्या कुस्ती मैदानात चला, कारण इथं फरक वेळेचा आहे. प्रतिस्पर्ध्याची छाती आणि मांड्या लांबून पाहूनच पैलवानाला वाटलं की हे आपल्याला झेपायचं नाही, तर तो डॉन्टेड. (उच्चार 'डॉन्ट', 'डोन्ट' नव्हे.) लॅटिनमधलं मूळ जनावराला माणसाळवण्याचं, त्याचा जोर मोडण्याचं आहे. छाती दडपते ती काम सुरू होण्याआधी, म्हणून मोठ्या अभ्यासक्रमाला 'डॉन्टिंग' म्हणतात. कुस्ती लागली, समोरचा डोळ्याला डोळा भिडवून नुसता हसत राहिला आणि याचं अवसान गळालं, तर अननर्व्ह. जुन्या इंग्रजीत नर्व्ह म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी शीर, तेव्हा आपलं 'हातपाय गळणे' इतकं जवळचं दुसरं काही सापडायचं नाही. अननर्व्ह फक्त माणसाला करता येतं. झोप किंवा योजना कधीच अननर्व्ह होत नाही, हे पर्याय खोडताना फार उपयोगी पडतं.

रॅटल म्हणजे सैल झालेल्या वस्तूचा खडखडाट. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघानं पहिल्याच मिनिटांत गोल खाल्ला आणि मग साधे पासही चुकू लागले, की तो संघ रॅटल्ड. धीर पुरता गेलेला नसतो, सांधे ढिले झालेले असतात, मध्यंतरात सावरतोही. त्यामुळं तात्पुरत्या, खेळावर किंवा कामावर उमटलेल्या परिणामाला रॅटल बरं. फक्त 'रॅटलिंग' विशेषण म्हणून वापरू नका, ऐकणाऱ्याला खिडकीची तावदानं आठवतील. तिथं 'अननर्व्हिंग' चालतं.

फ्लस्टरला भीती लागतच नाही, घाई लागते. केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या गर्दीत कंडक्टर सुट्टे मागतोय, मागून लोक ढकलतायत, फोन वाजतोय आणि पाकीट सापडत नाही: हा माणूस फ्लस्टर्ड. चेहरा लाल, बोलणं अडखळतं, दोन मिनिटांत सगळं ठीक. पुराच्या बातमीनं कुणी फ्लस्टर होत नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेनं 39 फुटांची इशारा पातळी गाठली की लोक वरीड असतात, 43 फुटांची धोका पातळी ओलांडली की अलार्म्ड. अलार्मचं मूळ इटालियनमधल्या 'शस्त्रं घ्या' या हाकेत आहे, म्हणून त्यात लगेच काहीतरी करण्याची निकड येते.

फेझची गंमत वेगळी आहे. हे क्रियापद जवळजवळ नेहमी नकारातच जगतं: 'नथिंग फेझेस हर'. म्हणजे ती कशानंही बिचकत नाही. 'द न्यूज फेझ्ड मी' व्याकरणात बसतं, पण कानाला खटकतं. स्पेलिंग एफ-ए-झेड-ई. टप्पा या अर्थाचा फेज वेगळा, उच्चार मात्र एकच, त्यामुळं इंग्रजी मातृभाषा असलेलेही इथं चुकतात.

पर्टर्ब हा डिस्टर्बचाच भाऊ, पण पुस्तकी. मनात चलबिचल होणं एवढाच अर्थ. बोलण्यात तो 'अनपर्टर्ब्ड' या रूपातच जास्त भेटतो, म्हणजे अविचल. त्याच्या शेजारी 'अनडिस्टर्ब्ड' ठेवून पाहा: त्याचा अर्थ निर्विकार असा क्वचितच होतो, बहुतेकदा 'कुणी हात न लावलेलं, विनाव्यत्यय' असा होतो. परीक्षेत ही जोडी पर्यायांत दिसली तर घाईनं खूण करू नका.

डिसकन्सर्ट म्हणजे जुळलेला मेळ बिघडणं, आपल्याकडचं चपापणं. मुलाखतीत उत्तर देताय आणि समोरचे साहेब एकटक तुमच्या बुटांकडं पाहतायत: 'डिसकन्सर्टिंग'. डिसकम्फिट मात्र डिसकम्फर्टचा नातेवाईक नाही, दिसतो तसा. जुन्या फ्रेंचमध्ये तो रणांगणावरच्या पराभवाचा शब्द होता. हल्ली खजील करणं, अडचणीत आणणं एवढ्यावर उतरलाय. खुर्ची टोचत असेल तर तिथं डिसकम्फर्टच लिहा.