मासोळीची शुगर पाडणारी गोगलगाय

यंदा सोयाबीन उगवल्या उगवल्याच आमच्या वावरात शंखी गोगलगाय लागली, मी अन् बाबा सकाळ सकाळ मिठाच्या पाण्याची बादली घेऊन वेचत फिरून राहिलो, अन् रात्री मोबाईलवर तिच्यावर उपाय शोधता शोधता पार समुद्रातच पोचलो. कोनस जिओग्राफस नावाची गोगलगाय. दहा-पंधरा सेंटिमीटर लांब, अन् खाते काय तर जित्या मासोळ्या! आता गोगलगाय मासोळीच्या मागं पळन कशी, सांगा बरं.

पळतच नाही ना ते. रात्री मासोळ्या खडकाच्या कपारीत निवांत असतात, ही तोंड जाळ्यासारखं पसरवते अन् इन्सुलिन मिसळलेलं विष पाण्यात सोडते. हो, तेच इन्सुलिन. स्वतःच्या अंगातलं नाही, मासोळीच्या इन्सुलिनसारखं वेगळं बनवलेलं. 2015 मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या लोकांनी हे शोधलं. पाण्यातून कल्ल्यांवाटे ते आत गेलं की मासोळीची शुगर पडते, पोहणं मंदावते, अन् ती आरामात तोंडात. मग पोकळ दाताचा भाला टोचला की खेळ खलास.

इथं मी वाचता वाचता थांबलो, कारण आईले इन्सुलिन चालू आहे. मागच्या दिवाळीत इंजेक्शन घेऊन न जेवताच कापूस वेचायले गेली, धुऱ्यावर मटकन बसली, घामाघूम, बोलणं भलतंच. शेजारच्या काकूनं चहाची साखर तोंडात कोंबली तेव्हा कुठं शुद्धीवर आली. म्हणे, "सारं दिसून राहिलं होतं रे, पण हातच उचलत नव्हता."

ह्या गोगलगायीच्या डंखानं माणसंही मेलेली आहेत, उतारा औषध नाही, म्हणून किनाऱ्यावर सुंदर शंख दिसला की उचलू नका (आपल्याकडे समुद्र कुठं, पण रामेश्वरले जाणारे लई आहेत). उलट हिच्याच जातभाईच्या, कोनस मॅगसच्या विषावरून बनवलेलं दुखण्याचं औषध 2004 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, ते पाठीच्या कण्यात द्यावं लागते. अन् हिचं इन्सुलिन आपल्यासारखं गुठळून बसत नाही, म्हणून लवकर काम करते, त्यावरून आता लवकर लागू पडणारं इन्सुलिन बनवता येईल का पाहून राहिले.

हे सगळं आईले वाचून दाखवलं. तिनं दारातल्या बादलीकडं पाहिलं.

"मंग ह्या काऊन फेकून राहिला?"

म्हटलं, माय, ह्या फक्त सोयाबीन खातात.