ओल्या पोत्यात काय होतं?

मी समाजकार्य शिकवते. एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, पहिल्या वर्षाच्या एका मुलीच्या फील्डवर्क जर्नलमध्ये गेल्या महिन्यात हे वाचलं: ‘घर अत्यंत अस्वच्छ असून जमिनीवर ओली, कळकट पोती पसरलेली होती. महिलेस स्वच्छतेचे महत्त्व पटवून देण्यात आले.’

तिला बोलावलं आणि एवढंच विचारलं, “पोत्यात काय होतं गं?”

तिनं बघितलंच नव्हतं. मी म्हटलं, पुढच्या भेटीत बघून ये, विचारून ये. पुढच्या आठवड्यात ती आली आणि टेबलासमोर उभी राहूनच म्हणाली, “मॅडम, तेंदूची पानं होती. रात्री भिजवून पोत्यात गुंडाळून ठेवतात. नाहीतर कापताना फाटतात.”

सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांनी आयुष्य काढलंय त्यांना यात नवल वाटणार नाही. इथल्या हजारो घरांत बाई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसलेली असते. भिजून मऊ झालेलं पान पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबानं. माझी विद्यार्थिनी मात्र मंगळवेढ्याकडची, ज्वारीच्या रानात वाढलेली. तिच्या घरी ओलं पोतं म्हणजे घाणच. तिनं खोटं काही लिहिलं नव्हतं. तिनं पाहिलं अर्धं आणि लिहिताना निकाल देऊन टाकला.

माझं सगळं शिकवणं या अर्ध्या पाहण्याभोवती फिरतं. समाजकार्यात लेखन म्हणजे काम झाल्यावर भरायचा कागद, असं मुलांना वाटतं. संस्थेतल्या बऱ्याच लोकांनाही तसंच वाटतं. पण ती बाई ज्या समितीपुढे जाते तिथल्या कुणी तिचं घर पाहिलेलं नसतं. ते आमचा कागद पाहतात. त्या घटकेला त्यांच्यासाठी बाई म्हणजे तो कागदच असतो.

त्या मुलीची ही भेट होती बालसंगोपन योजनेच्या अर्जासाठी. मूल निवासी संस्थेत न जाता घरीच वाढावं म्हणून असलेली ही सरकारी योजना. नवरा वारलेला, दोन मुलं. योजनेतून एका मुलामागे महिन्याला २२५० रुपये मिळतात. बिड्या वळणाऱ्या घरात एवढ्या पैशावर मूल शाळेत राहतं की नाही ते ठरतं. गृहभेटीचा अहवाल बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या समितीपुढे जातो. ‘घर अत्यंत अस्वच्छ’ हे वाक्य तसंच पुढे गेलं असतं, तर कुणीतरी वाचून म्हणालं असतं, मग या मुलांना संस्थेतच का ठेवू नये?

हे मी अंदाजानं म्हणत नाही. माझ्या हातून हे घडलेलं आहे.

शिकवायला लागण्याआधी मी मुलांच्या एका निवासी संस्थेत समाजकार्यकर्ती होते. नऊ वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या फाईलमध्ये मी लिहिलं, ‘आई भेटीस येत नाही. मुलाविषयी अनास्था दिसते.’ त्याच फाईलच्या पहिल्या पानावर, माझ्याच अक्षरात, आईचा व्यवसाय लिहिलेला होता: ऊसतोड मजूर. मुकादमाकडून उचल घेतलेली बाई दिवाळीच्या सुमाराला टोळीबरोबर कारखान्यावर जाते ती गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येते. मधून सुट्टी घेऊन, दोन गाड्या बदलून, महिन्यातून एकदा दोन तासांच्या भेटीच्या वेळेला ती कशी पोचणार? मला हे माहीत नव्हतं असं नाही. मी दोन पानं जोडून वाचली नाहीत. ‘अनास्था’ हा शब्द पुढच्या अहवालात उतरला, त्याच्या पुढच्यातही उतरला, आणि प्रत्येक वेळी तो जास्त खरा दिसायला लागला.

चैत्रात ती आली. मुलासाठी सदरा आणला होता. सोडून गेली तेव्हाच्या मापाचा. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर राहिल्या. ती त्या खाली ओढत राहिली, आणि तो मुलगा हात आखडून घेऊन ‘बरोबर हाय की’ म्हणत राहिला. मुलगा त्यानंतर घरी जायला जवळपास वर्ष लागलं, कारण आता फाईलमध्ये आईची अनास्था सिद्ध झालेली होती. ती फाईल मी अजून विसरलेले नाही आणि दर वर्षी वर्गात ती गोष्ट सांगते, नावगाव न सांगता.

म्हणून माझा पहिला पाठ अगदी साधा असतो. वहीचं पान मधोमध दुमडायचं. डावीकडे जे डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं ते. उजवीकडे मला काय वाटलं ते. मग सगळ्यांना एसटी स्टँडवर पाठवते. वीस मिनिटं एका जागी बसायचं, एक माणूस निवडायचा आणि फक्त डावी बाजू भरायची. काही शब्दांना बंदी: गरीब, बिचारा, अस्वच्छ, दारुडा, अडाणी, निष्काळजी. परत आल्यावर वाचन होतं. ‘एक गरीब म्हातारी बसली होती’ असं लिहिलेलं निघतंच. मग विचारायचं, गरीब कशावरून? चप्पल दोन वेगवेगळ्या जोडांतल्या होत्या, मॅडम. मग ते लिही. पिशवीतली भाकरी अर्धी खाऊन अर्धी परत बांधून ठेवली. तेही लिही. हळूहळू मुलांच्याच लक्षात येतं की ‘गरीब’ लिहिलं की बघणं थांबतं.

उजवी बाजू फेकून द्यायची नसते. शनिवारच्या वैयक्तिक चर्चेत, ज्याला आम्ही सगळे आयसी म्हणतो, मी आधी तीच वाचते. ‘त्या काकांची मला भीती वाटली’, ‘ती बाई माझ्या आत्यासारखी बोलत होती म्हणून मला राग आला’ असं ज्या मुलांना लिहिता येतं, ती पुढे चांगलं काम करतात. आपला राग कुठून आला हे कळलं नाही की तो गुपचूप डाव्या बाजूला जाऊन बसतो आणि निरीक्षण म्हणून मिरवतो.

भाषेचा प्रश्न वेगळाच आहे. आपल्याकडे समाजकार्याचं शिक्षण १९३६ साली मुंबईत, नागपाड्यात सुरू झालं, आज ज्याला आपण टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) म्हणतो त्या संस्थेतून. विषय आला तो इंग्रजी शब्दांसकट. नव्वद वर्षं होत आली तरी आमची मुलं समोरच्याचा विश्वास मिळवला असं न लिहिता ‘रॅपो बिल्डिंग केले’ असं लिहितात. मराठीत लिहायला सांगितलं की सरकारी परिपत्रकाची मराठी बाहेर येते: ‘सदर लाभार्थ्याचे समुपदेशन करण्यात आले.’ कुणी केलं? काय बोललं? या वाक्यात माणूसच नाही. ना सांगणारा, ना ऐकणारा.

एका मुलानं असंच लिहिलं होतं, ‘आजींचे समुपदेशन केले.’ मी म्हटलं, शब्दशः सांग. तू काय म्हणालास?

“मी म्हटलं, आजी, टेन्शन घेऊ नका.”

“मग त्या?”

“त्या म्हणाल्या, मी कुठं घेतेय रे बाळा, ते येतंय की.”

“मग तू काय केलंस?”

“काही सुचलं नाही. गप बसलो. थोड्या वेळानं त्या मुलाबद्दल बोलायला लागल्या. पुण्याला गेलाय तो. दोन वर्षं झाली, फोन नाही.”

हे जर्नलमध्ये नव्हतंच. त्याला वाटत होतं गप्प बसणं म्हणजे आपल्याला काम जमलं नाही, मग ते कशाला लिहायचं? खरं तर त्या भेटीत जे काही घडलं ते त्या गप्प बसण्यामुळे घडलं. उपदेश थांबला आणि आजींना बोलायला जागा मिळाली. मी त्याला तो संवाद जसाच्या तसा लिहून काढायला लावला, तो गप्प बसला होता ती ओळसुद्धा. पुढच्या भेटीपासून त्यानं ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणणं सोडलं. शब्दशः नोंद लिहायला तासन्तास जातात, मुलं कुरकुरतात, आणि नोकरीला लागल्यावर कुणी असं लिहिणार नाही हेही मला मान्य आहे. पण स्वतःचं बोलणं असं कागदावर दिसल्याशिवाय ते सुधारत नाही. मला तरी दुसरा रस्ता सापडलेला नाही.

पूर्व भागात आणखी एक अडचण असते. घरात तेलुगू, शाळेत मराठी, अक्कलकोटकडचं कुणी असेल तर कन्नड. बाई तेलुगूत सांगते, शेजारीण मराठीत करून देते आणि विद्यार्थी लिहितो ‘महिलेने सांगितले’. मी सांगते, शेजारणीनं मराठीत करून सांगितलं असं लिही. आणि नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलायचं असेल तर शेजारीण नको, सासू तर मुळीच नको. दुसरी सोय होईपर्यंत थांब.

मोबाईलबद्दल मी कडक आहे. गृहभेटीचा फोटो काढून स्टेटसला ठेवणारी मुलं दर वर्षी असतात. भावना चांगली असते, पण मुलाचा चेहरा, शाळेचा गणवेश, मागं घराचा नंबर सगळं दिसतं. बाल न्याय कायद्याचं ७४ वं कलम असं ओळख उघड करायला मनाई करतं, हे मी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहिते. आता नवीन सुरू झालंय: कच्च्या नोंदी नावगावासकट चॅटजीपीटीत टाकायच्या आणि ‘छान अहवाल करून दे’ म्हणायचं. छान होतो. मराठी शुद्ध, परिच्छेद नीटनेटके. पण बाईनं विश्वासानं सांगितलेलं आपण तिला न विचारता तिसऱ्याच ठिकाणी देऊन आलो. शिवाय त्या छान अहवालात ओली पोतीही नसतात. तिथं असतं ‘कुटुंबाची आर्थिक परिस्थिती हलाखीची आहे’, आणि ते सोलापुरात कुणाच्याही फाईलला चिकटवता येतं.

अर्ज लिहिणं मात्र मी परीक्षेसारखं घेते. तहसीलदारांना संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, पोलीस ठाण्याला पत्र, शाळेच्या मुख्याध्यापकांना विनंती. एका पानाच्या आत. काय हवंय ते पहिल्या दोन ओळींत. मुलं बाईचं सगळं दुःख आधी लिहितात आणि मागणी शेवटी कुठंतरी दडते. टेबलापलीकडच्या कारकुनापुढे तसलेच पन्नास कागद असतात. पतीच्या निधनाची तारीख, उत्पन्नाचा दाखला, सोबत काय काय जोडलंय, हे त्याला शोधावं लागू नये. दुःख कमी लिहिलं म्हणजे माया कमी झाली असं नाही, हे पटायला मुलांना अख्खं सत्र जातं.

आणि माझी एक अट आहे, जी दरवेळी वाद उभा करते. शक्य असेल तिथं अहवाल ज्याच्याबद्दल आहे त्याला वाचून दाखवायचा. सगळीकडे ते करता येत नाही. मुलाच्या जिवाला घरातूनच धोका असेल तिथं घरच्यांना अहवाल वाचून दाखवणं धोक्याचं आहे. पण बाकीच्या वेळी? सहकारी म्हणतात, लोक दुरुस्त्या सांगत बसतील. सांगू देत की.

मंगळवेढ्याच्या त्या मुलीनं अहवाल पुन्हा लिहिला. ‘एका खोलीत तिघांचं राहणं. दाराजवळ ओल्या पोत्यात तेंदूची पानं. तंबाखूचा डबा झाकण लावून फळीवर, मुलांच्या हाताला येणार नाही असा. भिंतीवर खिळ्याला दोन दप्तरं.’ ती दप्तरं पहिल्या भेटीतही तिथंच होती, ती म्हणाली, फक्त दिसली नव्हती.

मग ती अहवाल घेऊन त्या अक्कांकडे गेली आणि वाचून दाखवला. अक्कांनी बिड्या वळता वळताच ऐकला. दोन दुरुस्त्या सांगितल्या. थोरली नववीत आहे असं लिहिलंय ते चुकीचं, ती आठवीत आहे, एक वर्ष बुडालं ते बापाच्या आजारपणात. आणि दुसरी: ‘सकाळी लवकर उठून काम करतात’ असं लिहिलंय तिथं चार वाजता लिही. चारला उठते मी. लवकर म्हणजे काय, लवकर तर सगळेच उठतात.

मुलीनं तिथंच बसून ‘लवकर’ खोडलं आणि वर ‘४ वाजता’ लिहिलं. खाडाखोड दिसते म्हणून पान पुन्हा लिहू का, असं ती मला शनिवारी विचारत होती. मी म्हटलं, समितीसाठी स्वच्छ प्रत काढ. हे पान जर्नलमध्ये राहू दे. आणि त्याच पानावर सही केली.