पानावरची चांदी

‘हे पान खरं आहे ना? रंगवलेलं वाटतं.’ आमच्या डोंबिवलीच्या गॅलरीतला रेक्स बेगोनिया पहिल्यांदा पाहणारा माणूस हटकून हे विचारतो, पान चाचपून बघतो आणि मग म्हणतो, ‘कुठलं हो हे परदेशी झाड?’ दर वेळी चहाच्या गडबडीत अर्धवटच सांगितलं जातं. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून आज सवडीने सांगते.

झाड आपल्याच देशातलं. बेगोनिया रेक्स ही मूळ जात ईशान्य भारत आणि त्याला लागून असलेल्या मुलखातल्या ओलसर डोंगरी जंगलांची. 1850 च्या दशकात आसामातून इंग्लंडला ऑर्किड जात, त्यांच्या सोबतीने हे रोप तिकडे पोचलं. ब्रुसेल्सच्या जाँ लिंडेन या रोपवाटिकावाल्यांनी ते घेतलं आणि 1857 मध्ये वनस्पतींचे अभ्यासक पुत्झेस यांनी त्याला ‘रेक्स’, म्हणजे राजा, हे नाव दिलं. मग युरोपात संकरांचं पेवच फुटलं. नर्सरीत आज ‘रेक्स’ म्हणून मिळतात ती जांभळ्या, गुलाबी, शंखासारख्या वळलेल्या पानांची रोपं बहुतेक संकरच, माझ्याकडचंही तेच. मूळ जातीचं पान गर्द हिरवं आणि त्यावर रुंद चंदेरी पट्टा, एवढंच. मला विचाराल तर त्याची सर कुठल्याच संकराला नाही.

आता ती चांदी. तो रंग नाहीच, ती हवा आहे. पानाच्या वरच्या पातळ सालीखाली, हिरव्या पेशींच्या वर, हवेच्या बारीक पोकळ्या असतात. उजेड तिथून परततो आणि डोळ्याला चंदेरी दिसतं. गळायला आलेलं पान घेऊन त्या भागावरची साल नखाने अलगद सोलून बघा, खाली हिरवंच सापडेल. मनीप्लांटच्या पांढऱ्या डागात हरितद्रव्य नसतं, तिथे पानाचं काम बंद असतं. इथे चांदीखालीही अन्न तयार होत राहतं. आणि पान उलटं करा: मागून चक्क लाल. जंगलाच्या तळाशी मधूनच एखादा कडक कवडसा पडतो, सावलीला सरावलेल्या पानाला तो सोसत नाही. हा लाल थर त्यापासून पानाला वाचवत असावा, असं अभ्यासक मानतात.

म्हणून ‘रंग खुलायला उन्हात ठेवू का?’ असं कुणी विचारलं की माझा जीव कळवळतो. कृपा करून ठेवू नका. हा सगळा थाट अंधुक उजेडासाठी आहे. दुपारच्या उन्हात पानाच्या कडा करपतात. खिडकीपासून जरा आत, पण उजेडात ठेवा. कोकणपट्टीची दमट हवा त्याला मानवते. नागपूर-संभाजीनगरकडचा कोरडा उन्हाळा जड जातो. तिथे जुन्या फिशटँकमध्ये कुंडी ठेवून बघा, आत ओलावा टिकतो. पाणी मातीला घालायचं, तेही वरची माती सुकल्यावर. पानं ओली राहिली आणि हवा खेळती नसली की भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, आलीच. खोड जमिनीलगत आडवं सरकतं, त्यामुळे कुंडी पसरट हवी आणि खोड मातीत पुरायचं नाही, कुजतं. थंडीत पानं गळली म्हणून लगेच फेकूनही देऊ नका. खोड टणक असेल तर ते पुन्हा फुटतं.

फुलं येतात, फिकट गुलाबी. नर आणि मादी वेगळी, पण एकाच झाडावर. याचं एक भावंड, बेगोनिया क्रेनाटा, पावसाळ्यात सह्याद्रीच्या ओल्या कातळांवर फुलतं. घाटात गेलात की जरूर शोधा.

रोप मागायला संकोच करू नका, मी पान देईन. ते उलटं धरून जाड शिरांवर ब्लेडने छेद द्यायचे, मग सुलटं करून ओलसर वाळूवर टेकवायचं, वर दोन खडे ठेवायचे आणि झाकण घालायचं. काही आठवड्यांत छेदांपाशी इवली रोपं उठतात. त्यांना आपापली दोन-तीन पानं येईपर्यंत मूळ पानापासून तोडू नका.